परदेशी डगला आणि हेमलकशाची हवा

आमच्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांतून हल्ली एक नवाच प्रश्न घरखर्चाच्या वहीत येऊन बसला आहे. पूर्वी थंडीकरिता लोकरीचा स्वेटर घरीच विणला जाई. कर्ता पुरुष एखादा गरम कोट शिंप्याकडून शिवून घेई, आणि तो कोट पुढे धाकट्या भावाच्या व त्यानंतर पुतण्याच्या अंगावर जाऊन पंधरा-वीस वर्षे घराची सेवा करी. आता घरातील एक मुलगा शिक्षणाकरिता नॉर्वेस निघतो, दुसरी मुलगी डॉक्टर होऊन वर्षभराच्या सेवेकरिता हेमलकशास जाऊ म्हणते, तिसरा पुतण्या सुट्टीत हिमालयात पायी हिंडतो. आणि या तिघांनाही एकाच प्रकारचे कपडे हवे असतात. ते म्हणजे नॉर्वे-स्वीडनमधील नामांकित कारखान्यांचे, उघड्या हवेत वावरणाऱ्यांकरिता बनविलेले डगले, विजारी आणि लोकरी बंड्या. किंमत ऐकून आजोबा चष्मा काढून ठेवतात. एवढ्या पैशांत घरातील सर्व मंडळींचे वर्षाचे कापड होईल, असा हिशेब थोरल्या जाऊबाई मनातल्या मनात मांडतात. मुले म्हणतात, "एकदा घेतला की जन्मभर पुरेल."

या वादात दोन्ही पक्षांकडे थोडे थोडे सत्य आहे. तथापि वस्त्र महाग की स्वस्त हा प्रश्न दुसरा. ते कोणत्या हवेत, कोणत्या कामाकरिता आणि कोणत्या माणसांमध्ये वापरावयाचे आहे, हा पहिला. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे उत्तर फारसे अवघड राहत नाही. यास्तव या महिन्यात त्याचाच विचार करू.

प्रथम हे कपडे आहेत तरी काय, ते पाहावे. उत्तरेकडील त्या देशांत ही कारागिरी हौसेतून निघालेली नसून पोटाच्या उद्योगातून निघालेली आहे. ओले आंद्रेआस देवोल्ड या गृहस्थाने १८५३ साली नॉर्वेतील ओलेसुंद या बंदरात लोकरी विणकामाचा धंदा काढला, तो समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांना उबदार कपडे हवेत म्हणून. पुढे १८७७ साली मॉस या गावी हेली यूएल हान्सेन या जहाजाच्या कप्तानाने आपली पत्नी मार्ग्रेथे हिच्यासह जाडेभरडे कापड जवसाच्या तेलात भिजवून त्याचे जलाभेद्य डगले करण्यास आरंभ केला. कारण वादळात भिजून गारठण्याचे दुःख त्याने स्वतः सोसले होते. स्वीडनमध्ये ओके नुर्दिन याने १९६० साली फ्येलरेवेन नावाचा कारखाना काढला. त्याचा प्रसिद्ध डगला मूळ तंबूच्या कापडाचा आहे. तंबूकरिता जे कापड जड ठरले तेच त्याने अंगाकरिता वापरले, आणि त्यावर मधमाश्यांचे मेण व पॅराफिन यांचा हात फिरविला. कोळी, खलाशी आणि वाटसरू यांच्या गरजेतून निघालेली ही वस्त्रे आहेत. ती टिकतात याचे कारणही हेच होय.

या कपड्यांचे शास्त्रही साधे आहे. ऊब कापडात नसते. कापडाने अडवून धरलेल्या हवेत असते. म्हणून तिकडील मनुष्य एकच जाड कोट न घालता तीन थर घालतो. अंगालगत पातळ लोकरीची बंडी, त्यावर हवा धरून ठेवणारा फुगीर थर, आणि सर्वांवर वारा व पाणी अडविणारा डगला. अंगालगत लोकरच का, तर लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पोटात घेते, तरी हातास ओली लागत नाही. सुती बंडी घामाने भिजली की अंगास चिकटते आणि कडाक्याच्या थंडीत शरीराची ऊब काढून घेते. चालताना एक थर काढावा, थांबल्यावर पुन्हा चढवावा, असा तेथील रिवाज आहे. हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात, अशा अर्थाची एक म्हण त्या देशांत लहान मुलांच्याही तोंडी असते.

सर्वांत वरच्या डगल्यातील नवी करामत म्हणजे त्याच्या आतील अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा. अमेरिकेत बॉब गोअर यांनी १९६९ साली शोधून काढलेल्या पदार्थापासून असा पडदा प्रथम होऊ लागला, आणि पुढे उत्तरेकडील कारखान्यांनीही तो किंवा त्यासारखा दुसरा वापरला. त्याची छिद्रे पावसाच्या थेंबास आत येऊ देत नाहीत, परंतु घामाच्या वाफेस बाहेर जाऊ देतात. मात्र यात एक अट आहे, आणि हेमलकशाच्या दृष्टीने सर्व मर्म त्या अटीत आहे. वाफ बाहेर जाते ती आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा अधिक उष्ण व अधिक दमट असेल तरच. ओस्लोच्या थंड हवेत ही अट सहज पुरी होते. भामरागडच्या जुलै महिन्यात ती पुरी होत नाही.

हेमलकसा हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात आहे. हा जिल्हा १९८२ सालापर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. जवळच भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेस पूर येऊन भामरागडचा संबंध तुटल्याची बातमी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून येत असे. अशा दिवसांत तेथील हवा उष्ण असते आणि पाण्याने भरलेलीही असते. पडद्याचा भारी डगला घालून या हवेत मैलभर चालणारा मनुष्य पावसाने भिजत नाही हे खरे. पण स्वतःच्या घामाने भिजून निघतो. वाफेस बाहेर जावयाचे कारणच उरत नाही. तेथे रबरी कापडाचा स्वस्त डगला आणि शेकडो डॉलरांचा डगला यांत अंगास फारसा फरक कळत नाही.

आता त्याच हवेत आपल्या शेतकऱ्याचे जुने इरले पाहा. बांबूच्या कामट्यांवर पळसाची किंवा तशीच रुंद पाने बसवून केलेले हे छप्पर डोक्यावरून पाठीवर येते. ते खालून व पुढून उघडे असते. पाऊस वरून ओघळून जातो, वारा खालून खेळतो, आणि वाकून रोवणी करणाराची पाठ कोरडी राहते. उष्ण पावसात वाफ कापडातून गाळून काढण्यापेक्षा तिला मोकळी वाट ठेवणे श्रेयस्कर, हे ज्ञान या इरल्यात आहे. सैल, खालून मोकळी अशी साधी पावसाळी झूल किंवा मोठी छत्री हेमलकशात अधिक उपयोगी पडते, याचे कारणही तेच.

शिवाय आमच्या दमट हवेचा आणखी एक गुण गृहिणींनी ध्यानात घ्यावा. या डगल्यांस आतून जो पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो उष्णता व दमटपणा यांनी हळूहळू विघटतो, चिकट होतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. महाग वस्तू म्हणून ट्रंकेत घडी घालून जपून ठेवलेला डगला चार-पाच पावसाळ्यांनंतर काढावा, तो त्याच्या आतून पिठासारखी खपली पडावी, असे होते. पिसे भरलेल्या डगल्यास दमट पेटीत बुरशीची भीती असते, आणि भिजल्यावर त्याची पिसे गोळा होऊन ऊब नाहीशी होते. "जन्मभर पुरेल" हे मुलांचे म्हणणे कोरड्या व थंड मुलखापुरते खरे आहे. कोकणातील माळ्यावर किंवा भामरागडच्या खोलीत नव्हे.

येथवर हवेचा विचार झाला. परंतु वस्त्र हे हवेपुरतेच नसते. ते समोरच्या माणसाशीही बोलत असते. हेमलकशाच्या इतिहासात या गोष्टीचे जे उदाहरण आहे, ते महाराष्ट्रात प्रसिद्ध असूनही कपडे खरेदी करताना आपल्या मनात येत नाही.

लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी केली. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश हे शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण सोडून आपल्या पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह तेथे राहावयास गेले. भोवतीच्या माडिया लोकांपैकी पुष्कळांच्या अंगावर लंगोटीपलीकडे वस्त्र नसे. थंडीच्या रात्री पांघरुणाऐवजी शेकोटीचा आधार, आणि शेकोटीजवळ झोपल्याने भाजण्याचे भय. बाहेरून येणारा पूर्ण कपड्यांतील मनुष्य म्हणजे सरकारी अंमलदार, ठेकेदार किंवा सावकाराचा माणूस, असा त्यांचा अनुभव असल्याने तो दिसताच ही मंडळी रानात पळून जात. अशा ठिकाणी डॉक्टरने कितीही गोड बोलावे, त्याची विजार व बूट त्याच्या आधीच बोलून मोकळे होतात. प्रकाशरावांनी पुरा पोशाख सोडला, आणि पांढरी अर्धी चड्डी व बंडी एवढ्यावरच राहण्याचे ठरविले. ज्यांच्यामध्ये राहावयाचे त्यांना नाही ते आपल्या अंगावर का असावे, ही भावना त्यामागे होती. हाच पोशाख पुढे त्यांची ओळख झाला. त्या उभयतांस २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर ती चड्डी-बंडी मराठी घराघरांत परिचयाची झाली होती.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की, हेमलकशास जाणाऱ्या प्रत्येकाने उघडे राहावे. एका माणसाने आयुष्य वाहून घेऊन स्वीकारलेले व्रत हे वर्षभराकरिता जाणाराने सोंगासारखे घेणे शोभत नाही. दारिद्र्याने आलेली वस्त्रहीनता ही कौतुकाची गोष्टही नव्हे. खुद्द मंदाताईंनी तेथे आयुष्य काढले ते साध्या साडीत. शिवाय काळ बदलला आहे. प्रकल्पाच्या शाळेत शिकून पुढे गेलेल्या माडिया मुलामुलींच्या अंगावर आज आपल्या मुलांसारखेच कपडे असतात, आणि त्यांना ते शोभतात. तात्पर्य इतकेच की, आपल्या मुलीच्या अंगावरील डगला रुग्णाच्या आईला काय सांगेल, हेही खरेदीच्या वेळी मनात यावे. ज्या बाईने मुलाला खांद्यावर घेऊन दहा कोस पायपीट केली आहे, तिच्यासमोर चकचकीत नाममुद्रेचा डगला घालून बसणे हा काही अपराध नाही. परंतु त्यामुळे दोघींमधील अंतर बोटभर वाढते, आणि वैद्यकीचा धंदा हे अंतर कमी करण्यावरच चालतो.

मग मुलीने बरोबर न्यावे काय? आमचे मत येणेप्रमाणे. सैल, फिक्या रंगाचे, पुऱ्या बाह्यांचे सुती किंवा खादीचे चार-पाच जोड. गडचिरोलीत हिवतापाचा उपद्रव पूर्वापार आहे, म्हणून संध्याकाळनंतर हातपाय झाकलेले असावेत. या बाबतीत चड्डी-बंडीचे अनुकरण मुळीच नको. पावसात हिंडावयाचे असल्यास एक-दोन जोड मिश्र धाग्याचे हलके असावेत, कारण निव्वळ सुती कापड त्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. मोठी छत्री व सैल झूल. पायात लवकर वाळणारे पट्ट्यांचे चप्पल. हिवाळ्यातील रात्री तेथे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, त्याकरिता एक लोकरी स्वेटर, शाल आणि शक्य तर एक घोंगडी. आणि सर्वांच्या आधी चांगली मच्छरदाणी. हे सर्व मिळून परदेशी डगल्याच्या चतुर्थांश किमतीतही होईल. उरलेल्या पैशाचे काय करावे ते मुलीसच विचारावे. तेथे गेल्यावर तिला ते आपल्यापेक्षा चांगले सुचेल.

घोंगडीचे नाव वर आले म्हणून थोडे सांगतो. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ देऊन विणलेली घोंगडी पाऊस झटकते, वारा अडविते, भिजली तरी ऊब देते, आणि अंथरूण, पांघरूण व छप्पर ही तिन्ही कामे करते. देवोल्डने कोळ्यांकरिता जो गुण विकला, तोच हा लोकरीचा गुण. धनगराच्या खांद्यावर तो आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आणि अडाणीपणाची खूण म्हणून हिणविला. परदेशी कारखान्याची चिठ्ठी लागल्यावर मात्र आपण त्यास शास्त्रीय म्हणू लागलो.

आता नॉर्वेस निघालेल्या मुलाकडे वळू. त्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्याच्याकरिता तिकडील वस्त्रे ही चैन नसून गरज आहे, आणि आजोबांनी येथे हात आखडू नये. मात्र खरेदी डोळसपणे व्हावी. पहिली सूचना अशी की, येथे बसून तिकडून मागविण्यापेक्षा मुलाने तेथे पोचल्यावर घ्यावे. येथून निघताना दोन लोकरी बंड्या, एक स्वेटर व पहिल्या आठवड्यापुरता गरम कोट पुरे. तेथे अंगावर घालून पाहता येते, तेथील रहिवासी काय वापरतात ते दिसते, आणि वापरलेले पण चांगले कपडे विकण्याचा रिवाज त्या देशांत प्रतिष्ठित लोकही पाळतात. थंडीचा मोसम संपत आला की नवे डगलेही स्वस्त होतात. सर्वांत अधिक पैसा अंगालगतच्या लोकरीवर आणि बुटांवर खर्चावा, सर्वांत कमी नाममुद्रेवर.

ज्यांना येथेच मागवावयाचे असेल, त्यांनी हिशेब पुरा मांडावा. नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या तिन्ही देशांत दुकानातील किमतीत २५ टक्के विक्रीकर धरलेला असतो; म्हणजे १२५ रुपयांच्या वस्तूत २५ रुपये कराचे. परदेशी पाठविताना काही विक्रेते हा कर वजा करतात, काही करीत नाहीत. आधी विचारून घ्यावे. पुढे आपल्या जकातखात्यात वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या तिहींच्या बेरजेवर जकात बसते, व तीवर पुन्हा वस्तू-सेवा कर चढतो. जकातीचे दर अंदाजपत्रकानुसार बदलतात, म्हणून मागविण्याच्या आठवड्यातच ते पाहावेत. पार्सल आणून देणारी कंपनीही जकात भरून सोडविण्याचे निराळे शुल्क घेते. भारत आणि नॉर्वेसह चार युरोपीय देश यांच्यामधील व्यापारकरार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला आहे, म्हणून नॉर्वेचा डगला आता स्वस्त होईल, अशी कित्येकांची समजूत आहे. पण अशी सवलत त्या देशात तयार झालेल्या मालास असते. आणि नाव नॉर्वेचे असले तरी बहुतेक डगले आशियात शिवलेले असतात. आतील चिठ्ठी वाचावी म्हणजे उलगडा होतो.

माप सेंटिमीटरमध्ये घ्यावे, आणि तेही अंगाचे न घेता नीट बसणाऱ्या कोटाचे. आत स्वेटर जाईल इतकी जागा ठेवावी. तिकडील बाह्या आमच्या मानाने लांब असतात. परत पाठविणे महाग व कटकटीचे असते, म्हणून मापात चूक झाली तर ती घरातच राहते. पाणी झटकण्याकरिता पूर्वी जे फ्लोरिनयुक्त लेप देत, ते निसर्गात नाहीसे होत नाहीत असे दिसून आल्याने अनेक कारखान्यांनी सोडले आहेत. तसा डगला निवडावा, मात्र त्यास वेळोवेळी नवा लेप द्यावा लागतो. साखळी तुटल्यास बदलून मिळेल काय, हेही विचारावे. लोकर सुगंधी साबणाने रगडू नये. थंड पाण्यात बुडवून सावलीत पसरून वाळवावी, आणि कसर लागू नये म्हणून दर दोन महिन्यांनी पेटी उघडून वारा द्यावा.

असो. शेवटी एक विचार मांडून हा लेख पुरा करतो. नॉर्वेचा प्रवासी रोआल्ड आमुन्डसेन १९०३ ते १९०६ या काळात उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ समुद्रात होता. त्यातील दोन हिवाळे त्याने नेट्सिलिक इन्यूइट लोकांच्या शेजारी काढले. सुधारलेल्या देशातील मनुष्य असूनही त्याने त्या लोकांस गुरू केले, आणि कातड्याचे सैल कपडे कसे शिवावे व कसे घालावे ते शिकून घेतले. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोचला तो अशाच कपड्यांनिशी. ज्या मुलखात जावयाचे, तेथे जे पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांना आधी विचारावे, हा त्याच्या यशातील एक मोठा भाग होता. उत्तरेकडील लोकांकडून घेण्यासारखी वस्तू हीच आहे, आणि तिला जकात पडत नाही.

किंबहुना आमटे घराण्याने नॉर्वेकडून असेच ज्ञान पूर्वी घेतलेले आहे. कुष्ठरोगाचा जंतू बेर्गेन शहरातील डॉ. आर्माउर हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. त्या शोधामुळे हा रोग पूर्वजन्मीचे पाप नसून एक संसर्ग आहे हे सिद्ध झाले, आणि त्याच पायावर पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहू शकले. बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ साली, त्याच परिवाराने हेमलकशाची वाट धरली. तेथे जाणाऱ्या मुलीच्या ट्रंकेत आजीने घोंगडी घालावी, आईने मच्छरदाणी घालावी, आणि आजोबांनी तिला एवढेच सांगावे की, बाळ, पहिल्या पावसाआधी तेथील एखाद्या माडिया बाईस विचार, या दिवसांत तुम्ही काय पांघरता?